सर्दी-तापानंतर ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी : कोणाला, किती आणि केव्हा?



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या आष्टी भागात दोन पाहुणे बरोबरच येतात. एक थंडी आणि दुसरा सर्दी-खोकला. बॉयलर पेटतो, टोळ्या फडात उतरतात आणि त्याच सुमारास घराघरांतून खोकल्याचे आवाज सुरू होतात. यात नवे काही नाही. नवी आहे ती पुडी. २०२० आणि २०२१ या दोन सालांत कोरोनाने आपल्याला एक सवय लावली. ताप आला की औषधाच्या दुकानातून ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी आणायची आणि दुधातून घ्यायची. कोरोना ओसरला, पण पुडी घरातून गेली नाही.

मागल्या हंगामात एक वयस्कर सभासद ऊसनोंदीची चौकशी करायला आले होते. चेहरा उतरलेला, ओठ कोरडे. आम्ही विचारले, “आबा, बरं नाही का?” तर म्हणाले, “ताप उतरून दोन महिने झाले, पण अंगात ताकदच येईना. म्हणून रोज एक पुडी घेतोय. तरी भूक नाही, पोट साफ नाही, आणि तहान म्हणाल तर हंडाभर पाणी पुरंना.” खिशातली पुडी त्यांनी दाखवली. तिच्यावर ६०,००० युनिट असे छापलेले होते. ही पुडी आठवड्याला एक घ्यायची असते. आबा ती रोज घेत होते! त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे धाडले. रक्तातले कॅल्शियम फार वाढलेले निघाले. पुडी बंद झाली, उपचार झाले, आणि काही आठवड्यांनी आबा पुन्हा पहिल्यासारखे दिसू लागले.

ताकदीसाठी घेतलेल्या वस्तूनेच ताकद गेली होती. असे आणखी कोणाचे होऊ नये म्हणून हा पाठ.

हे जीवनसत्त्व आहे तरी काय?

बाकीची जीवनसत्त्वे आपण अन्नातून घेतो. ‘ड’ जीवनसत्त्व मात्र आपली कातडी उन्हात स्वतः तयार करते. पुढे यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्याच्यावर प्रक्रिया होते आणि ते कामाला लागते. उसाचा रस, पाक आणि मग साखर, तसेच हे समजा. एक टप्पा अडला तरी माल तयार होत नाही.

त्याचे मुख्य काम एकच. अन्नातला चुना, म्हणजे कॅल्शियम, आतड्यातून रक्तात ओढून घ्यायचा आणि हाडांना पोचवायचा. ते कमी पडले की लहान मुलांना मुडदूस होतो, पाय वाकतात. मोठ्या माणसांची हाडे मऊ पडतात, कंबर दुखते, मांड्यांतली ताकद जाते, उकिडवे बसले की हात टेकल्याशिवाय उठवत नाही. १९१९ साली इंग्लंडमध्ये मेलानबी या शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवले की मुडदूस आहारातल्या उणिवेने होतो आणि माशाच्या तेलाने टळतो. १९२२ साली अमेरिकेतील मॅकॉलम यांनी त्या तेलातले द्रव्य वेगळे ओळखले. अ, ब, क ही नावे आधीच दिलेली होती, म्हणून याला ‘ड’ नाव मिळाले.

मग हाडांच्या या जीवनसत्त्वाचा खोकल्या-तापाशी संबंध कसा लागला? रोगजंतूंशी लढणाऱ्या आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींनाही या जीवनसत्त्वाची गरज लागते. २००६ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दाखवले की हे जीवनसत्त्व पुरेसे असले तर या पेशी क्षयाच्या जंतूला मारणारे एक द्रव्य तयार करतात. तेव्हापासून आशा वाटू लागली की पुडी दिली तर सर्दी, फ्लू, न्यूमोनिया यांतूनही माणूस लवकर उठेल. आशा चुकीची नव्हती. पण प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत जे घडते ते माणसाच्या अंगात तसेच घडेल असे नसते. ते पारखून घ्यावे लागते.

उन्हाच्या मुलखात कमतरता कशी?

“आमच्याकडं उन्हाला काय तोटा?” असे कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे. आष्टीला बाराही महिने ऊन आहे. तरीही कमतरता आहे, आणि ती थोडीथोडकी नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी अकराशेवर धडधाकट तरुण-तरुणींचे रक्त तपासले आणि २०११ साली निष्कर्ष छापले. शेकडा सत्तर जणांत हे जीवनसत्त्व कमी निघाले. तिरुपतीच्या आसपास झालेल्या पाहणीत शेतात राबणाऱ्या पुरुषांची स्थिती शहरी माणसांपेक्षा बरी होती, पण खेड्यातल्या बायकांत कमतरता भरपूर होती.

कारणे साधी आहेत. पहिले, ऊन कपड्यावर पडून उपयोग नाही, ते कातडीवर पडले पाहिजे. आपल्या ऊसतोड भगिनी दिवसभर फडात असतात हे खरे, पण पाचटाने अंग कापू नये म्हणून लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला-तोंडाला फडके. उघडे राहतात ते हाताचे पंजे आणि डोळे. दुसरे, आपला सावळा रंग उन्हात छत्रीचे काम करतो. कातडीचे रक्षण होते, पण जीवनसत्त्व तयार व्हायला वेळ जास्त लागतो. तिसरे, सकाळचे कोवळे ऊन अंगाला बरे वाटते, पण ज्या किरणांनी हे जीवनसत्त्व बनते ते किरण त्यात फार थोडे असतात. सूर्य वर आल्यावरच ते मिळतात. पुण्याच्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१८ साली सांगितले की भारतीय पुरुषांना पातळी नीट ठेवायला दुपारचे ऊन रोज तासाभराहून अधिक लागते. चौथे, भाकरी-कालवणाच्या आपल्या आहारात हे जीवनसत्त्व जवळजवळ नसतेच. अंड्याच्या बलकात थोडे, समुद्रातल्या मासळीत बरेच, आणि साध्या दुधात नाममात्र. अलीकडे काही दुधाच्या पिशव्यांवर व तेलाच्या डब्यांवर अधिक चिन्हासह ‘एफ’ अक्षर असते. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व मिसळलेले असते.

म्हणजे कमतरता खरी आहे. पण सर्दी-ताप पुडीने लवकर बरा होतो का, हा प्रश्न वेगळा आहे. या दोन प्रश्नांची गल्लत होते आणि तिथेच सगळा घोळ आहे.

पुडीने आजार लवकर बरा होतो का?

एखादे खत चांगले की नाही हे आपण कसे ठरवतो? एकाच रानाचे दोन सारखे तुकडे करायचे. एकाला खत द्यायचे, दुसऱ्याला नाही. बेणे, पाणी, खुरपणी सारखी. मग वजनकाट्यावर टनेज बघायचे. “मी खत टाकलं आन् ऊस चांगला आला” एवढ्यावर शहाणा शेतकरी विश्वास ठेवत नाही, कारण त्या वर्षी पाऊसही चांगला झालेला असतो. औषधाचेही तसेच. सर्दी सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होते. पाचव्या दिवशी पुडी घेतली आणि आठव्या दिवशी बरे वाटले, तर श्रेय कोणाला द्यायचे?

कोरोनाच्या काळात रुग्णालयांतून असे दिसले की ज्यांचा आजार बळावला त्यांच्यापैकी पुष्कळांच्या रक्तात ‘ड’ कमी आहे. लोकांनी ताबडतोब अर्थ काढला की ‘ड’ कमी म्हणून आजार बळावला. पण वयस्कर, मधुमेही, स्थूल आणि घरात पडून असलेल्या माणसांत ‘ड’ एरवीही कमी असते, आणि कोरोनाने छळले तेही त्यांनाच. शिवाय आजारपणातच त्याची पातळी खाली जाते. आपल्या उसाचे उदाहरण घ्या. ऊस पिवळा पडला, केवडा पडला म्हणतो आपण, आणि कारण लोहाची कमतरता असेल तर हिराकस फवारल्यावर तो हिरवा होतो. पण मुळांत पाणी साचून पिवळा पडला असेल, तर हिराकस कितीही मारा, पैसे पाण्यात. पिवळेपणा दिसला म्हणजे कारण कळले असे नव्हे.

म्हणून रीतसर प्रयोग झाले. २०२० साली स्पेनमधल्या कोर्डोबा शहरात कोरोनाच्या ७६ रुग्णांवर प्रयोग झाला. या जीवनसत्त्वाचा यकृतात तयार होणारा प्रकार ५० जणांना दिला, त्यांतला एकच अतिदक्षता विभागात गेला. ज्या २६ जणांना दिला नाही त्यांतले १३ गेले. आपल्या चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत ४० जणांवर प्रयोग झाला. त्यात १६ जणांना रोज ६०,००० युनिट सात दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले, आणि २१ व्या दिवसापर्यंत त्यांच्यातले जास्त लोक विषाणूमुक्त झालेले दिसले. या बातम्या पसरल्या आणि पुड्यांचा खप वाढला.

पण हे प्रयोग लहान होते. दोन-चार वाफ्यांवरून सगळ्या शिवाराचा अंदाज बांधण्यासारखे. मोठे प्रयोग झाले तेव्हा चित्र बदलले. ब्राझीलमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या २४० रुग्णांपैकी निम्म्यांना एकदम दोन लाख युनिट दिले, निम्म्यांना औषधासारखे दिसणारे पण औषध नसलेले द्रव्य दिले. २०२१ साली निकाल आला. दोन्ही गट साधारण सात-सात दिवसच रुग्णालयात राहिले. इंग्लंडमध्ये सहा हजारांवर लोकांत रक्त तपासून, ज्यांना कमी त्यांना सहा महिने रोज गोळी देऊन पाहिली. नॉर्वेत ३४ हजारांवर लोकांना हिवाळाभर रोज चमचाभर माशाचे तेल किंवा मक्याचे तेल दिले. दोन्हींचे निकाल २०२२ साली आले. सर्दी-तापाचे आणि कोरोनाचे प्रमाण गोळीने किंवा तेलाने कमी झाले नाही.

जगभरचे प्रयोग एकत्र मोजण्याचे कामही झाले. २०१७ साली २५ प्रयोगांची बेरीज केली तेव्हा श्वसनाचे आजार टाळण्यात थोडा फायदा दिसला. तो मुख्यतः ज्यांच्यात कमतरता फार होती त्यांना आणि रोज किंवा आठवड्याला थोडी मात्रा घेणाऱ्यांना. एकदम मोठा डोस घेणाऱ्यांना तोही नाही. २०२१ साली नवे प्रयोग मिळवल्यावर हा फायदा आणखी घटला, आणि २०२५ सालच्या मोजणीत तो इतका किरकोळ उरला की तो निव्वळ योगायोगही असू शकेल.

याचा अर्थ आमच्या भाषेत असा. ज्याच्या अंगात हे जीवनसत्त्व पुरेसे आहे त्याचा आजार पुडीने एक दिवसही लवकर बरा होतो असे दिसलेले नाही. आजार अंगावर आल्यावर घेतलेली मोठी पुडी म्हणजे तोडणीला आलेल्या उसाला खताचा डोस. मात्र ज्याच्यात खरी कमतरता आहे त्याची हाडे आणि स्नायू त्याने नक्की सुधारतात. तापानंतरच्या अशक्तपणात कधी कधी ही जुनी कमतरताही मिसळलेली असते. ताप उतरून महिना झाला तरी कंबर, मांड्या, बरगड्या दुखत असतील, जिना चढवत नसेल, तर “तापाचीच कणकण” म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

मग पुडी कोणी घ्यावी आणि किती?

आधी हिशोब करू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० युनिट धरली आहे. पुडीत ६०,००० युनिट. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचा शिधा! रक्तात कमतरता निघाली तर डॉक्टर साधारणपणे आठवड्याला एक याप्रमाणे आठ आठवडे पुडी देतात आणि पुढे किती, हे पाहून ठरवतात. आठ म्हणजे आठच. बरे वाटले म्हणून दुसरा डबा आणायचा नाही.

खत टाकण्यापूर्वी माती तपासतो, तसे शक्यतो रक्त तपासून आणि डॉक्टरांना विचारूनच पुडी घ्यावी. घरात खिळलेली वयस्कर माणसे, अंगभर कपड्यात वावरणाऱ्या बायका, गरोदर भगिनी, फिट्सच्या गोळ्या चालू असलेले रुग्ण यांच्याबाबत डॉक्टरांना आपण होऊन विचारावे. वर्षाच्या आतल्या बाळांना रोज ४०० युनिटचे थेंब द्यावेत असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. ते थेंब मोजूनच द्यायचे, चमच्याने नव्हे. धडधाकट तरुणाने केवळ मनाच्या समाधानासाठी तपासणी किंवा पुडी यांवर पैसे घालवण्याची गरज नाही. अमेरिकेतील ग्रंथितज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेनेही २०२४ साली हेच सांगितले.

आणि एक. कॅल्शियमच्या बऱ्याच गोळ्यांत ‘ड’ आधीच मिसळलेले असते. गोळी, पुडी, टॉनिक आणि वर इंजेक्शन अशी बेरीज होऊ देऊ नका. सहा लाख युनिटचे इंजेक्शन “ताकदीचं” म्हणून मागून घेण्याची रीत तर सोडूनच द्यावी. डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधे पिशवीत घालून न्यावीत.

जास्त झाले तर काय होते?

काही जीवनसत्त्वे जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातात. ‘ड’ तसे जात नाही. ते चरबीत साठते आणि महिनोन्‌महिने राहते. जास्त झाले की रक्तात कॅल्शियम वाढते. भूक मरते, मळमळ-उलट्या होतात, पोट बांधते, तहान आणि लघवी वाढते, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो. वेळेवर लक्ष गेले नाही तर मुतखडे होतात, मूत्रपिंडे खराब होतात. काश्मीरमधल्या डॉक्टरांनी २०११ साली अशा रुग्णांची हकिगत छापली आहे. बेसुमार मात्रेमुळे ते आजारी पडले होते. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार किंवा मुतखड्याची खोड आहे त्यांनी विचारल्याशिवाय पुडीला हात लावू नये.

तापानंतर ताकद खरी कशी येते?

विषाणूच्या तापानंतर अशक्तपणा आठ-पंधरा दिवस राहतोच. खोकला तीन आठवडे रेंगाळू शकतो. त्याला औषध म्हणजे विश्रांती, पाणी आणि जेवण. डाळ, मटकी-हुलग्याची उसळ, शेंगदाणे, दूध-ताक, परवडत असेल तर अंडे. चुन्यासाठी तीळ, नाचणी, राजगिरा, पालेभाजी. हिवाळ्यात अकराच्या पुढे हात-पाय उघडे ठेवून ऊन घ्यावे. उन्हाळ्यात मात्र आपल्याकडचे दुपारचे ऊन जीवावर बेतते, तेव्हा हा प्रयोग नको. चुलीचा धूर, तंबाखू आणि विडी यांनी फुप्फुस बरे व्हायला वेळ लागतो.

काही खुणा मात्र पुडीची वाट पाहणाऱ्या नसतात. दम लागणे, छातीत दुखणे, बोटाच्या यंत्रावर प्राणवायू ९४ च्या खाली जाणे, ओठ निळे पडणे, माणसाला भ्रम होणे, लहान मुलाचा श्वास भरभर चालणे, उतरलेला ताप पुन्हा चढणे. यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लू आला तेव्हाही उशीर हाच मोठा वैरी ठरला. आणि दोन आठवड्यांवर खोकला चालला तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट तपासतात आणि क्षयाचे औषधही फुकट मिळते. पुडीच्या नादात क्षय दोन महिने झाकून राहिला, तर घरातल्या सगळ्यांना धोका. वयस्कर आणि दम्या-मधुमेहाच्या माणसांनी फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

शेवटी मनातली एक गोष्ट. आष्टी, पाटोदा, शिरूर हा आपला मुलूख ऊसतोड कामगारांचा. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली तेव्हा राज्यातल्या कारखान्यांवर एक लाखाहून अधिक तोडणी कामगार कोप्यांतच अडकून पडले होते. एप्रिलमध्ये परवानगी मिळाली तेव्हा ते गावाकडे निघाले. त्यांच्यात आपलीच माणसे होती. आज तापात असलेली बाई फडात का जाते? घेतलेली उचल फिटायची असते आणि खाडा परवडत नाही. मग कोणीतरी पुडी हातात देतो आणि म्हणतो, “ही घे आन् चल, मोळ्या बांधायच्यात.” पुडी त्या वेळी औषध राहत नाही, विश्रांती नाकारण्याचे साधन होते. सभासदांनी आपल्या फडातल्या टोळीत कोणी आजारी असेल तर मुकादमाला बोलावून दोन दिवसांची सवड मिळवून द्यावी, दवाखान्यापर्यंत गाडी द्यावी. ऊस दोन दिवसांनी तोडला तर थोडा उतारा घटेल. गेलेले माणूस परत येत नाही.

एवढे ध्यानात ठेवा :

१. पुडी कमतरतेचे औषध आहे, सर्दी-तापाचे नव्हे.
२. ६०,००० ची पुडी आठवड्याला एक, तीही डॉक्टरांनी सांगितले असेल तरच आणि सांगितले तेवढेच आठवडे.
३. भूक मेली, तहान वाढली, पोट बांधले तर पुडी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.
४. दम लागला की त्याच दिवशी रुग्णालय. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकीची तपासणी.
५. आजारी माणसाला विश्रांती द्या, मग ते घरचे असो की फडातले.

ज्यांना वाचता येत नाही अशा शेजाऱ्यांना, आणि आपल्या फडातल्या टोळीलाही, हा मजकूर वाचून दाखवावा ही विनंती.

जय सहकार!